माजी विद्यार्थिनी हरवतात कुठे?

हल्ली विद्यापीठांना आपल्या परदेशस्थ माजी विद्यार्थ्यांची फार आठवण येऊ लागली आहे. मेळावे भरतात, स्मरणिका निघतात, न्यू जर्सी, लंडन, दुबई, सिंगापूर इथे शाखांची उद्घाटनं होतात. या आठवणीची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. नॅकने २०१७ साली मूल्यांकनाची जी सुधारित चौकट आणली, तिच्यात माजी विद्यार्थी संघटना नोंदलेली आहे का आणि पाच वर्षांत तिने किती लाख रुपये दिले, याला वेगळे गुण ठेवले गेले. शिवाय डोळ्यांसमोर आय.आय.टी.चं उदाहरण आहेच. मुंबई आय.आय.टी.च्या माजी विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेत हेरिटेज फाउंडेशन काढलं, आणि २०२३ मध्ये नंदन नीलेकणींनी आपल्या या जुन्या संस्थेला ३१५ कोटी रुपये देणगी जाहीर केली. तेव्हापासून आपल्याही एखाद्या वर्गातून असा कुणी बाहेर पडला असेल, या आशेने कुलगुरूंच्या कचेऱ्यांतून जुनी रजिस्टरं खाली काढली जाताहेत.

पैसा मागण्याला माझा विरोध नाही. बायकांच्या संस्था चालवणाऱ्या आपल्याला झोळीचं वावडं असून कसं चालेल? पण परदेशात पसरलेल्या माणसांचं जाळं विणायचं तर आधी माणसं सापडायला हवीत. आणि या जाळ्यातून जी गळतात त्या बहुतेक बायका असतात. त्या योगायोगाने गळत नाहीत. जाळं ज्या मापाने विणलं जातं, त्या मापामुळे गळतात.

मी समाजकार्याची पदवीधर, बायकांच्या सल्ला केंद्रात काम करते. मागच्या वर्षी आमच्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघटनेने परदेशातल्या सभासदांची सूची करायला घेतली. (विद्यापीठाचं नाव मुद्दामच देत नाही, हे कुठेही घडू शकतं, घडतंच.) आमच्या तुकडीच्या नावांपुढची माहिती तपासायला मला बोलावलं होतं. आमच्या वर्गात मुली मुलांपेक्षा जास्त होत्या. सूचीत मुलांच्या नावांपुढे देश, शहर, कंपनी, हुद्दा, ईमेल असं सगळं नीट भरलेलं. मुलींच्या नावांपुढे मात्र ओळीने 'संपर्क नाही'. त्यातल्या चौघीजणी परदेशात आहेत हे मला ठाऊक होतं. दोघींशी तर त्याच आठवड्यात फोनवर बोलले होते. म्हणजे त्या हरवलेल्या नव्हत्या, सूचीला दिसत नव्हत्या एवढंच.

का दिसत नाहीत? पहिलं कारण आपल्या इतकं अंगवळणी पडलेलं आहे की ते कारण वाटतच नाही. आपल्याकडे नावाचे तीन भाग असतात: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लग्न झालं की पुरुषाच्या तिन्ही भागांना धक्का लागत नाही. बाईचे दोन भाग जातात, आणि काही घरांत अजूनही तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून तिसराही जातो. गुणपत्रिकेवर एक बाई, पासपोर्टवर दुसरी. पुढे परदेशात गेल्यावर तिथल्या अर्जांच्या रकान्यांत मधलं नाव बसत नाही म्हणून तेही गळतं. मग संगणकात तिचं कॉलेजातलं नाव टाकून शोधणाऱ्या कारकुनाला ती सापडणार कशी? तो बिचारा प्रामाणिकपणे 'संपर्क नाही' लिहितो.

याला उपाय नाही असं मुळीच नाही. अमेरिकेतल्या जुन्या महिला महाविद्यालयांनी हा प्रश्न कधीच ओळखला. माउंट होल्योक या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींची संघटना १८७२ पासून आहे. अशा महाविद्यालयांच्या यादीत बाईचं जन्मनाव आणि लग्नानंतरचं नाव दोन्ही छापायची रीत पडली, कारण जुन्या मैत्रिणीला ती पहिल्या नावानेच आठवणार. तिथे प्रत्येक वर्षाच्या तुकडीची एक चिटणीस असते. कोण कुठे आहे, कुणाला मूल झालं, कुणी नोकरी सोडली, कोण गेलं, हे ती गोळा करते आणि ते नियतकालिकात छापून येतं. वरवर पाहता हा गप्पांचा मामला. पण जाळं टिकतं ते या गप्पांवर. वर्षातून एकदा पाठवलेल्या देणगीच्या आवाहनावर ते टिकत नाही.

आपल्या अर्जाकडे आता पाहा. आमच्या संघटनेच्या अर्जात नावानंतरचे रकाने होते: सध्याचे पद, कंपनी, कार्यक्षेत्र, उत्पन्नगट, 'आपण विद्यापीठाला कोणत्या स्वरूपात योगदान देऊ इच्छिता'. ज्या दोघींशी मी बोलत होते त्यांना मी तो पाठवला. एक म्हणाली, "अगं, पद काय लिहू? घरीच आहे की मी सहा वर्षं." ती एम.एस.डब्ल्यू. ती अमेरिकेत नवऱ्याच्या एच-१बी व्हिसाबरोबर मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर गेली. या व्हिसावर नोकरी करायला २०१५ पर्यंत परवानगीच नव्हती. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून ती काही जणींना मिळू लागली, तीही नवऱ्याची ग्रीन कार्डची वाट एका ठरावीक टप्प्यापर्यंत आली असेल तर. या व्हिसावर असणाऱ्यांत बहुसंख्य बायका, आणि बायकांत बहुसंख्य आपल्याकडच्या. शिकलेल्या, पदव्या घेतलेल्या, आणि कायद्याने घरी बसवलेल्या. त्यांनी 'सध्याचे पद' या रकान्यात काय भरावं अशी विद्यापीठाची अपेक्षा आहे? अर्ज कोराच परत येतो आणि संघटनेचे पदाधिकारी म्हणतात, "मुलींना लग्नानंतर रसच उरत नाही हो."

रस उरत नाही हे खोटं आहे. त्यांचा रस या अर्जात मावत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

परदेशात शिकलेल्या स्त्रीचा माग ठेवणं म्हणजे काय, याचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाल्या आणि वर्षभरातच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी गेल्या. इथवर आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्यांचा एक फोटो आहे, १० ऑक्टोबर १८८५ चा. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघीही त्याच कॉलेजच्या. हा फोटो आज आपल्यापर्यंत पोचला तो कॉलेजने आपल्या विद्यार्थिनींचे कागद जपले म्हणून. कॉलेजचं नाव बदललं, संस्था दुसरीत विलीन झाली, तरी ते दप्तर आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात आहे. ओकामी १८८९ मध्ये पदवी घेऊन टोकियोला परतल्या, तिथे त्यांनी डॉक्टरकी केली. इस्लामबूली १८९० मध्ये डॉक्टर होऊन मायदेशी गेल्या. माजी विद्यार्थिनींच्या १९१९ च्या यादीत त्यांचा ठिकाणा कैरो असा आहे. पुढे कॉलेजचा त्यांच्याशी संपर्क राहिला नाही.

मला या शेवटच्या तुटलेल्या धाग्याचंच जास्त अप्रूप वाटतं. परत गेल्यावर जवळजवळ तीस वर्षं, मध्ये एक महायुद्ध होऊन गेल्यावरही, फिलाडेल्फियातल्या कुणाच्या तरी वहीत एका सीरियन विद्यार्थिनीचं शहर लिहिलेलं होतं. तेव्हा ना फोन, ना ईमेल. आपल्या हातात सगळी साधनं असताना आपल्याला सहा वर्षांपूर्वी दुबईला गेलेली मुलगी सापडत नाही.

आणखी एक उदाहरण. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं ते टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका वाचून, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या जपानी संस्थेची एक गोष्ट मात्र आपण उचलली नाही. ती संस्था १९०१ ची. पहिली तुकडी बाहेर पडली आणि १९०४ मध्ये तिथे माजी विद्यार्थिनींची संघटना, 'ओफूकाई', उभी राहिली. तिचं स्वतःचं साप्ताहिकही त्याच वर्षी निघालं. म्हणजे विद्यार्थिनी दाराबाहेर पडायच्या आतच तिला कुठे लिहायचं हे ठरलेलं. आपल्याकडे अण्णांनी सत्तरी ओलांडल्यावर, १९२९-३० मध्ये युरोप, अमेरिका, जपान आणि पाठोपाठ पूर्व आणि दक्षिण आफ्रिका पालथी घातली, आपल्या कामाची माहिती देत, मदत मागत. एका म्हाताऱ्या माणसाच्या पायांवर ते सगळं चाललं. त्या पायपिटीतून कायमचं जाळं उभं करणं हे मागच्यांचं काम होतं.

आता माझ्या कामातलं सांगते, कारण हा प्रश्न मला तिथून भिडतो. आमच्या केंद्रात परदेशी स्थळ करून दिलेल्या, मग टाकून दिलेल्या मुली येतात. काहींना नवऱ्याने सुट्टीला म्हणून भारतात आणून सोडलेलं असतं आणि पासपोर्ट घेऊन तो परत गेलेला असतो. काही अजून तिकडेच असतात; त्यांच्या आया आमच्याकडे येतात. अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून अनिवासी भारतीय कक्ष आहे. तिथे तक्रार नोंदवायची, दूतावासाला लिहायचं, हे आम्ही करतो. पण कागद हलेपर्यंतचे दिवस काढायचे कसे? तिला त्या शहरात एखादी बाई हवी असते, जी मराठीत बोलेल, नवऱ्याच्या ओळखीतली नसेल, चहा पाजेल, वकिलाचा नंबर देईल. सासरच्या गोतावळ्यातून मिळालेल्या ओळखी अशा वेळी उलट्या फिरतात. महाराष्ट्र मंडळात जावं तर तिथे नवराच कार्यकारिणीवर. माहेरचं म्हणावं असं परदेशात तिचं एकच असू शकतं: तिचं कॉलेज.

दुसरी गरज याहून रुक्ष आहे, पण पोटाशी बांधलेली. तिला नोकरी हवी असते किंवा तिथे पुढे शिकायचं असतं. तिथल्या मूल्यांकन संस्था गुणपत्रिकेची झेरॉक्स घेत नाहीत. विद्यापीठाने थेट पाठवलेली, मोहोरबंद किंवा संगणकावरून आलेली ट्रान्सक्रिप्ट मागतात. आता सान फ्रान्सिस्कोत किंवा मस्कतमध्ये बसलेल्या बाईने परीक्षा विभागाच्या खिडकीपुढे उभं कसं राहायचं? भाऊ किंवा वडील खेपा घालणारे असतील तर ठीक. पण जिने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध नवरा सोडला, तिच्यासाठी कोण रांगेत उभं राहणार? त्यात अर्जावरचं नाव एक, गुणपत्रिकेवरचं दुसरं. मग राजपत्र आणा, विवाहनोंदणीचा दाखला आणा. विवाहनोंदणीचा दाखला सासरी कपाटात. आमच्याकडची एक मुलगी सात महिने या एका कागदासाठी थांबली. त्या सात महिन्यांत तिच्या हातची प्रवेशाची संधी गेली.

आंतरराष्ट्रीय माजी विद्यार्थी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परदेशी गेलेले आपलेच लोक येतात, हेही जरा तपासून पाहायला हवं. पुण्यामुंबईत शिकून आपापल्या देशी परतलेलेही माजी विद्यार्थीच की. इराण, येमेन, केनिया, अफगाणिस्तान. पुण्यात शेकडो अफगाण विद्यार्थी शिकले, त्यांत मुलीही होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परत आले, त्याच महिन्यात भारत सरकारने अफगाणांचे आधीचे व्हिसा रद्द ठरवून नव्या ई-व्हिसाची अट घातली आणि सुट्टीला घरी गेलेल्या मुली तिथेच अडकल्या. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या विद्यापीठांची दारं मुलींना बंद झाली. अशा मुलीच्या हातात पुण्याची पदवी ही त्या देशातून बाहेर पडण्याची एकमेव किल्ली असू शकते. तिला आपल्या विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट फुकट आणि आठवडाभरात मिळायला हवी होती. शाखांच्या उद्घाटनाच्या भाषणांत काबूलचं नाव कधी ऐकलंय का कुणी?

माणसं शोधण्याची रीतही वर्गवारीची आहे. संघटना ओळखीतून वाढते. ओळखी ज्यांच्या आधीपासून तिकडे आहेत त्यांच्या. कुणाचा मामा कॅलिफोर्नियात, कुणाची आत्या लंडनला. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर विदर्भातल्या एखाद्या तालुक्यातून थेट इंग्लंडला गेलेल्या दलित मुलीचा तिकडे ना मामा, ना आत्या. भाड्याची खोली कुठे घ्यावी इथपासून तिला विचारायला कुणीतरी हवं असतं. तिच्या आधी तिथे गेलेली आपल्याच विद्यापीठाची मुलगी कोण, एवढं जरी विद्यापीठाने सांगितलं तरी तिचं पहिलं सत्र सुकर होईल. याला लाखो रुपये लागत नाहीत, नीट ठेवलेली वही लागते.

ती वही कुठून सुरू करावी? विभागांपासून नको, मुलींच्या वसतिगृहापासून करावी. बायका कुठे आहेत हे बायकांना माहीत असतं. खोलीतल्या जोडीदारणीला, मेसच्या मावशींना, रेक्टरबाईंना. प्रत्येक तुकडीच्या मुलींचा वेगळा व्हॉट्सॲप गट असतोच, आणि वर्गाच्या 'अधिकृत' गटात न बोलणाऱ्या सगळ्या तिथे बोलतात. संघटनेने माहिती विचारायला प्रत्येक तुकडीतून एक माणूस नेमला आणि तो बहुतेक ठिकाणी पुरुष नेमला. त्याला मुलींचे पत्ते कसे ठाऊक असणार? नोंद जन्मनावावर आणि परीक्षेच्या बैठक क्रमांकावर ठेवावी, बाकीची नावं तिला हवी तशी जोडावीत. सभासद होण्याला शुल्क नको. 'पद' हा रकाना काढून तिथे 'सध्या काय करता, काय करायची इच्छा आहे' असं मोकळं विचारावं.

इथे एका धोक्याबद्दल सांगायलाच हवं, कारण उत्साहात तो विसरला जाईल. बाईचा पत्ता ही जपून ठेवायची गोष्ट आहे. घर सोडून गेलेल्या बाईचा माग काढायला नवरा, सासरा, कधी सख्खा भाऊ कुठल्याही थराला जातो. 'वहिनींचा नंबर द्या हो, सरप्राइज द्यायचंय' असे फोन आम्ही केंद्रात घेतलेले आहेत. संघटनेच्या छापील सूचीत शहर आणि फोन छापून ती मेळाव्यात वाटणं म्हणजे अशा बाईच्या दाराची किल्ली वाटणं आहे. निरोप संघटनेने घ्यावा, तिला कळवावा, उत्तर द्यायचं की नाही हे तिने ठरवावं. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदाही संमतीबद्दल बोलतो, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं.

पैशाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट, कारण मेळाव्यांत यावर फार गोंधळ होतो. परदेशात राहणारी पण भारतीय पासपोर्ट असलेली बाई स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देते तेव्हा ती एफ.सी.आर.ए.च्या अर्थाने विदेशी देणगी नसते. तिने तिकडचं नागरिकत्व घेतलं की तीच रक्कम विदेशी देणगी होते, ओ.सी.आय. कार्ड असलं तरी. अशी देणगी घ्यायला वेगळी नोंदलेली संघटना असेल तर तिला एफ.सी.आर.ए.ची परवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि तिच्यातला वीस टक्क्यांहून जास्त भाग कार्यालयीन खर्चावर घालता येत नाही. वही ठेवणाऱ्या बाईचा पगार बहुधा याच कार्यालयीन खर्चात मोडतो. म्हणून देणग्यांतून जाळं चालवू असं जे म्हणतात, त्यांना मी हे गणित मांडायला सांगते. जाळं राखण्याचा खर्च विद्यापीठाने आपल्या अंदाजपत्रकातून करायचा आहे. त्यासाठी पूर्ण पगारावर एक माणूस हवा. 'एखाद्या उत्साही मॅडम बघतील' हे उत्तर चालणार नाही. निरोप पोचवणं, वाढदिवस लक्षात ठेवणं, रुसवे काढणं हे काम घरात बाई फुकट करते, म्हणून संस्थेतही तिनेच ते फुकट करावं असं गृहीत धरलं जातं. मेळाव्याच्या व्यासपीठावर मात्र त्या मॅडम दिसतात त्या पुष्पगुच्छ आणून द्यायला.

बायकांनी वेगळी संघटना काढावी का? हा मार्ग जुना आहे. विद्यापीठात शिकलेल्या स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९१९ मध्येच स्थापन झाला. तीसच्या दशकात युरोपातून परागंदा व्हावं लागलेल्या विदुषींना त्या जाळ्याने आसरा आणि मदत दिली. म्हणजे वेगळं जाळं काम करतं. तरीही मला वाटतं, ट्रान्सक्रिप्टवर शिक्का मारायचा अधिकार विद्यापीठाकडे आहे, तोवर विद्यापीठाला मोकळं सोडून चालणार नाही. दप्तर त्यांच्याकडे, नोंदी त्यांच्याकडे, आमच्या परीक्षाशुल्कातून उभ्या राहिलेल्या इमारती त्यांच्याकडे.

आमच्या तुकडीतल्या अकरा जणींनी संघटनेला पत्र दिलं आहे. मागण्या तीनच आहेत: नोंदी जन्मनावावर ठेवा, परदेशातून आलेल्या ट्रान्सक्रिप्टच्या अर्जांसाठी परीक्षा विभागात एक जबाबदार व्यक्ती नेमा आणि नाव बदललेल्या बाईकडून विवाहनोंदणीचा दाखला न मागता तिचं प्रतिज्ञापत्र ग्राह्य धरा, आणि पुढच्या कार्यकारिणीत निम्म्या जागा बायकांना द्या. पत्राची पोच मिळाली आहे. पोचपावतीवर पहिल्या सहीचं नाव चुकलं आहे. तिने सही जन्मनावाने केली होती, कार्यालयाने तिथे 'सौ.' लावून नवऱ्याचं आडनाव टाकलं. दुरुस्तीसाठी आम्ही ते परत पाठवलं आहे.